साथ : वांगं

मित्रांनो, मी एक जुना कॉर आंग्ले आहे, आणि या वाक्यातील 'जुना' हा एकच शब्द निर्विवाद आहे. उरलेल्या दोन शब्दांविषयी माझा आक्षेप आहे व तो मी आरंभीच मांडून ठेवतो. 'कॉर' या फ्रेंच शब्दाचा अर्थ शिंग, आणि 'आंग्ले' म्हणजे इंग्रजी. मी शिंग नाही. मी फुंकून वाजवायचे वाद्य आहे आणि माझे अंग आफ्रिकेतील काळ्या, जड लाकडाचे आहे. मी इंग्रजही नाही. माझी घडण पॅरिसमधील एका कारखान्यात झाली. काही पंडित म्हणतात की मूळ शब्द 'वाकडा' अशा अर्थाचा होता आणि कोणाच्या तरी ऐकण्यातील चुकीने त्याचा 'इंग्रजी' झाला. मात्र पुरावा मागितला की हे पंडित विषय बदलतात. असो. नाव चुकीचे असले म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. मला माझे खरे नाव फार उशिरा आणि फार दूरच्या गावी मिळाले. ते ज्यांनी दिले, त्यांचे ऋण मान्य करावे म्हणून ही कथा सांगत आहे.

तुम्ही सनई पाहिली असेल. मी तिचा दूरचा नातेवाईक. सनईप्रमाणे माझ्याही वरच्या टोकाशी दोन पातळ पत्त्या एकत्र बांधलेल्या असतात. त्यांतून फुंकर गेली की मी बोलू लागतो. ही जोडपत्ती एका वाकड्या धातूच्या नळीवर बसते, मधल्या अंगावर चांदीसारख्या कळा असतात, आणि शेवटी, जेथे सनईचे तोंड फुलासारखे उमलते, तेथे माझे तोंड फुगून पुन्हा आत मिटते. या गोल, मिटलेल्या तोंडामुळे माझा सूर उजळ न होता सावळा होतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढचा सारा घोटाळा तिच्यामुळे झाला. माझ्यावर 'सा'ची बोटे ठेवली तर 'सा' निघत नाही. पाच पायऱ्या खालचा 'म' निघतो. हा दोष नव्हे. माझी उंचीच तशी आहे.

माझी तरुणपणाची वर्षे मुंबईत, चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गेली. माझे वादक सभ्य व शिस्तीचे गृहस्थ होते. मोठ्या दालनात सारंग्या, व्हायोलिने, तबले, बासऱ्या मांडून ठेवलेल्या असत आणि मी एका कोपऱ्यात मुकाट असे. नायिका एकटी पडली, कोणाचे घर सुटले, कोणी आगगाडीकडे पाहत उभे राहिले, की संगीतकार आमच्याकडे बोट दाखवी. चार सूर वाजवून मी पुन्हा मुकाट होई. ऐकणाऱ्यांस वाटे, ही बासरी असावी, किंवा सनई असावी. तबकड्यांच्या वेष्टनांवर गायकांची नावे असत, संगीतकाराचे असे, कंपनीचे तर ठळक असे. माझे कधीच नसे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चार सुरांनी एखाद्याचे दुःख बोलून दाखविण्याची संधी किती जणांस मिळते?

मग एके दिवशी त्या दालनात विजेवर वाजणारी एक पेटी आली. तिच्यात सर्व वाद्ये होती असे म्हणत. तिच्या एका बटणावर माझे नाव होते. ध्वनिमुद्रणाच्या जगात माझे नाव मी प्रथमच छापलेले पाहिले, आणि ते माझी गरज संपल्याच्या दिवशी! माझे वादक थकले होते. त्यांनी मला पुसले, पेटीत निजविले आणि जुन्या वाद्यांच्या दुकानात सोपवून ते आपल्या गावी निघून गेले.

त्या दुकानात एकोणीसशे ब्याण्णव साली प्रेमदास आला. हा वर्धा जिल्ह्यातील पुलगावचा. तेथे त्याची बँडपार्टी होती, आणि त्याला क्लॅरिनेट हवे होते. काळे लाकूड, चांदीच्या कळा आणि लांबट पेटी एवढे पाहून त्याने मला क्लॅरिनेट ठरविले. मुखाचा भाग पेटीत कोठेतरी असेलच, असे म्हणून तो तडक स्टेशनाकडे निघाला. इतका ढोबळ गैरसमज करून घेतल्याबद्दल मी त्याचा जन्माचा ऋणी आहे.

आम्ही पुलगावास पोहोचलो ते भुलाबाईचे दिवस होते. आमच्या भागात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात. संध्याकाळी भुलोबा-भुलाबाईच्या मातीच्या मूर्तींपुढे टिपऱ्या वाजवीत गाणी म्हणतात, आणि शेवटी घरची बाई खाऊचा डबा आणते. हा डबा लगेच उघडत नाहीत. तो हलवितात, आणि आतल्या आवाजावरून खाऊ कोणता ते मुलींनी ओळखायचे असते. जगातील इतर कोणत्याही समारंभात ओळख पटविण्याची इतकी शास्त्रशुद्ध पद्धत मी पाहिलेली नाही.

प्रेमदासाच्या अंगणात त्या दिवशी गल्लीतल्या साऱ्या मुली जमल्या होत्या. गाणी सांगत होती विमलाबाई. ही प्रेमदासाची थोरली बहीण. तिला सेलूला दिलेले होते. पण भुलाबाईचा महिना ती माहेरी काढी. प्रेमदास तिला 'बाई' म्हणे. ती ओळ म्हणे आणि मुली मागून तीच ओळ उचलीत. मागून सूर धरण्याच्या या रीतीला झील म्हणतात. ती गाणी विमलाबाईला तिच्या आईकडून आली होती, आणि पुऱ्या गल्लीत दुसऱ्या कोणास ती मुळीच पाठ नव्हती.

गाणी संपली. प्रेमदासाची लेक रूपाली मोठी खट्याळ होती. तिने खाऊच्या डब्याऐवजी माझीच पेटी उचलली आणि खुळखुळ हलविली.

"ओळखा!"

"चिवडा!"

"चिवड्याचा असा आवाज येते काय वं? खोबऱ्याची वडी!"

"बाबाचा क्लॅरनेट!" असे रूपालीने स्वतःच फोडून टाकले.

विमलाबाईने पेटी मागून घेतली. कानाशी धरून हळूच हलविली. आत माझे तुकडे एकमेकांवर आपटले आणि त्या वाकड्या नळीतून वाऱ्याचा बारीकसा आवाज निघाला.

"खाऊ नाई हा, पोरीहो," ती म्हणाली. "याच्यात कोणीतरी राह्यते."

मग पेटी उघडली. प्रेमदास क्लॅरिनेटचे मुख शोधू लागला आणि ते त्याला सापडेना. त्याची पत्नी शकुंतलाबाई माझे गोल तोंड हातात घेऊन उलटसुलट पाहत होती. ती हसायला लागली ती थांबेचना.

"अजी, मुंबईले क्लॅरनेट आणाले गेलते का भाजी आणाले? हे त वांगं हाय! देठासकट आणलं तुमी!"

सारे अंगण हसले. मलाही राग आला नाही. माझे काळे, फुगीर तोंड आणि वरची वाकडी नळी पाहता ही उपमा 'इंग्रजी शिंग' या नावापेक्षा निःसंशय अधिक अचूक होती.

प्रेमदासाचे वडील सनई वाजवीत. त्यामुळे जोडपत्तीची त्याला जाण होती. माझी जुनी पत्ती चिरलेली होती. त्याने वर्धा नदीच्या काठचा बोरू आणला, सोलला, घासला आणि नवी पत्ती बांधली. ज्या बोरूने पूर्वी मुले अक्षरे गिरवीत, त्याने माझा कंठ पुन्हा उघडला. मी बोललो. परंतु बँडच्या तालमीत त्याने 'सा'ची बोटे ठेवताच तो खालचा 'म' निघाला, आणि साऱ्या मंडळींनी वाजवायचे थांबविले.

"प्रेमदास, हा सा कुठून काढला बे? विहिरीतून?" ढोलवाला म्हणाला.

"नवरदेव घोड्यावर चढून राह्यला आन् हे रडून राह्यलं!" दुसरा म्हणाला.

त्यांचे म्हणणे रास्त होते. वरातीला उजळ सूर लागतो आणि मी सावळा. प्रेमदासाने मला पेटीत ठेवले व पेटी फळीवर. तेथे मी वर्षभर पडून होतो.

पुढच्या भुलाबाईला विमलाबाई आली, तेव्हा अंगणात तिचा आवाज मला ओळखता आला नाही. तो खाली उतरला होता आणि त्याला खरखर आली होती, जशी नुकतीच टाकी लावलेल्या जात्याच्या दगडाला असते. तिच्या गळ्यात गाठ झाली होती. कोजागिरीनंतर ऑपरेशन ठरले होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, की जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावे लागेल; आवाज राहणार नाही.

ती हे सांगताना शांत होती. प्रेमदास मात्र भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"काऊन रडतं रे येड्या? मी मरून नाई राह्यली," ती म्हणाली. "माह्या जिवाची फिकीर नाई मले. मायची गाणी माह्यासंग मुकी होतीन, याची हाय. रूपालीले दोनच येतात, तेई अर्धी."

तिने त्याच संध्याकाळी मुलींना शिकवायचा प्रयत्न केला. पण मुली ज्या पट्टीत म्हणत, तेथवर तिचा गळा पोहोचेना. आणि ती खालून म्हणे, ते मुलींना उचलता येईना. गाणी शिकवायला आवाज लागतो, आणि आवाजच संपत चालला होता. हातात कोजागिरीपर्यंतचे दिवस होते.

बाजारात धनंजय नावाच्या तरुणाचे कॅसेट भरून देण्याचे दुकान होते. प्रेमदास बहिणीला घेऊन तेथे गेला. धनंजयाने मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकविल्या, पंखा बंद केला, रूपाली आणि तिच्या दोन मैत्रिणींना झील धरायला बसविले. प्रेमदासाने क्लॅरिनेट धरले. विमलाबाईने पहिली ओळ घेतली आणि तिचा आवाज मधेच फाटला. पुन्हा घेतली, पुन्हा फाटला.

"आत्या, थोडं वर घेता का?" धनंजय अदबीने म्हणाला.

"वर काय घेऊ बापा? शिडी आणली काय तू?"

ती हसली, पण त्या हसण्यानेही तिला खोकला आला. प्रेमदासाने क्लॅरिनेट खाली उतरवून पाहिले. येथे एखादा जाणता विचारील, की क्लॅरिनेट खाली उतरविता येत असताना अडचण ती कोणती? प्रश्न योग्य आहे. उत्तर असे, की पट्टी जुळली, पण पोत जुळला नाही. क्लॅरिनेटचा खालचा सूर गोल आणि भरीव. त्यात विमलाबाईचा झिजलेला आवाज साखर विरघळावी तसा नाहीसा होई. धनंजयाने भरलेली फीत ऐकविली. तीत क्लॅरिनेट होते, मुली होत्या, विमलाबाई नव्हती.

सगळी मंडळी घरी परतली. ऑपरेशनला सेलूहून निघायचे होते, म्हणजे माहेरचा मुक्काम संपतच आला होता. कोणी जेवेना. तेव्हा शकुंतलाबाई चुलीपुढून वैतागून म्हणाली, "अजी, ते वांगं काढा ना फळीवरचं! तेई खालीच रडते आन् बाईचाबी आवाज खालीच हाय. दोघायले बसवा एका जागी, रडू द्या मनभर!"

हा टोमणा होता की सल्ला, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही. प्रेमदासाने मला उतरविले, पत्ती ओली केली आणि सवयीने 'सा'ची बोटे ठेवली. तोच खालचा सूर निघाला, ज्याला बँडने विहिरीतला म्हटले होते. विमलाबाई ताटातली भाकर नुसतीच मोडत होती. तिचा हात थांबला. तिने त्या सुरावर आपला सूर ठेवला, आणि मित्रांनो, तो बसला. उंची तीच होती आणि खरखरही तीच. माझ्या सुरातही श्वास ऐकू येतो; तिच्याही येत होता.

"प्रेम्या," ती म्हणाली, "बेसूर नाई रे हा. याचा सा आन् माहा सा एक हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्या गाद्यांच्या खोलीत बसलो; शकुंतलाबाईही आली होती. ती ओळ म्हणे, आणि मुलींच्या जागी झील मी धरीत असे. ती श्वास घेई तोवर मी तिची ओळ सांभाळी, आणि ती परत आली की तिच्या हाती देऊन मागे सरे. मुंबईत मी कित्येक नायिकांची दुःखे वाजविली होती. परंतु ज्याच्याकरिता वाजवायचे ते माणूस तेथे कधी समोर नसे. येथे ते माझ्यापासून हातभर अंतरावर, डोळे मिटून बसले होते.

एका गाण्याच्या मध्येच कापड गिरणीचा भोंगा झाला. धनंजयाने कपाळाला हात लावला. "आत्या, हे पुसून पुन्हा घेऊ."

"नोको पुसू," विमलाबाई म्हणाली. "एक गाणं दोनदा म्हणाचा दम नाई आता. भोंगा वाजते त वाजू दे. त्याचंबी गाव हाय हे."

असे एकामागून एक गाणे उतरत गेले. शेवटचे गाणे सासुरवाशिणीचे होते, माहेराहून तिला न्यायला मुराळी येतो त्याचे. त्याच्या शेवटच्या कडव्यात तिचा आवाज एका ओळीच्या मध्यावर थांबला. फाटला नाही, थांबला. जणू दार लोटून कोणी बाहेर गेले. तिचे ओठ हलत राहिले. प्रेमदासाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पण ओठ माझ्या पत्तीवरून सुटले तर गाणे सुटेल, हे तो जाणत होता. त्याने फुंकर तोडली नाही. उरलेली अर्धी ओळ मी एकट्याने म्हटली आणि गाणे घरी पोहोचविले. धनंजयाने यंत्र बंद केले. विमलाबाईने पुढे होऊन माझ्या गोल तोंडावरून हात फिरविला.

मग धनंजय कॅसेटवर नावे लिहायला बसला. 'गायन : विमलाबाई. वादन : प्रेमदास.' लेखणी थांबली. "काकू, वाद्याचं नाव काय लिहू? साथ कायची लिहू?"

कोणालाच ठाऊक नव्हते. शकुंतलाबाई पदराने डोळे पुसत होती, ती तशीच म्हणाली, "लिही ना, वांगं!"

धनंजयाने खरोखरच लिहिले. 'साथ : वांगं'. मित्रांनो, एवढ्या वर्षांच्या ध्वनिमुद्रणात माझ्या वाजविण्याबद्दल माझे नाव लिहिले गेले ते या एकदाच, निळ्या शाईने, पुलगावच्या बाजारात. ते प्रेमाने दिलेले होते आणि रूपाला धरून होते. एखादे नाव खरे ठरायला याहून अधिक काय लागते, हे कोणी मला सप्रमाण दाखवावे.

ऑपरेशन झाले. विमलाबाई वाचली, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिचा आवाज गेला. तरी दर भाद्रपदात ती माहेरी येतच राहिली. अंगणात टेपरेकॉर्डर ठेवीत, कॅसेट लावीत, आणि मुली गाणी शिकत. त्या सगळ्या कॅसेटच्या पट्टीत शिकल्या, म्हणजे माझ्या पट्टीत. आठ-दहा वर्षांच्या चिमण्या मुली हनुवटी गळ्याशी लावून, आवाज जमेल तेवढा खाली ढकलून म्हणू लागल्या.

पुढे प्रेमदासाच्या बँडमध्येही बटणांची पेटी आली. दोन हजार सालानंतर लोक डीजे मागू लागले, आणि मला फळीवरून उतरविण्याचे निमित्त उरले नाही. वर्ध्याचा वैशाख तुम्हास माहीत आहे. त्या उन्हात लाकूड तडकते. मी खास तडकलो असतो. परंतु विमलाबाईने एका उन्हाळ्यात येऊन माझी पेटी फळीवरून काढली आणि माठाच्या तिवईखाली, ओल लागणार नाही पण गारवा लागेल अशा बेताने ठेवली. गिरणीच्या कापडाच्या तुकड्यावर बदामाचे तेल घेऊन तिने माझे अंग आतून-बाहेरून पुसले. बोलता येत नसल्यामुळे तिने हे काम रूपालीला खुणेने शिकविले. रूपाली वाजवायलाही शिकली. गिरणीचा भोंगा पुढे थांबला. आता तो फक्त आमच्या कॅसेटमध्ये वाजतो.

दोन हजार सातच्या कोजागिरीला गल्लीत नवी लग्न होऊन आलेली अंजू नावाची सून अंगणात बसली होती. मुलींचे गाणे ऐकून ती चकित झाली.

"अवो, आमच्या तळेगावात भुलाबाई किती उंच आवाजात म्हणतात! तुमच्या इथल्या पोरी काऊन अशा बाप्यासारख्या म्हणून राह्यल्या?"

"आमची पद्धतच हाय तशी," एक मुलगी ठसक्यात म्हणाली. "पयलेपासूनची."

विमलाबाई हसली. तिच्या हसण्याला आवाज नव्हता, पण खांदे हलत होते. प्रेमदासाचा गैरसमज, माझी बसकी उंची आणि तिचा दुखणाईत गळा यांतून निघालेली पट्टी आता गावाची पद्धत झाली होती, आणि पद्धतीला कोणी कारण विचारीत नाही.

शेवटचे गाणे लागले, मुराळ्याचे. मधल्या ओळीवर फितीतला आवाज थांबला. तेथे दरवर्षी फितीतला मी एकटाच म्हणत असे. त्या वर्षी रूपालीने मला हातात घेतले होते. मी झील धरताच सगळ्या मुलींनी ती अर्धी ओळ उचलली, खालच्या पट्टीत, मोठ्याने. विमलाबाईचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. ओळ पुरी झाली.

मग खाऊची वेळ झाली. विमलाबाईने मला सुटे करून पेटीत ठेवले, पेटी उचलली, मुलींपुढे धरून हलविली आणि भुवया उंचावल्या.

"वांगं!" सारे अंगण ओरडले.

मित्रांनो, माझी विनंती मोठी नाही. वाद्य वाजवून झाले की आतला दमटपणा पुसा, उन्हात टाकू नका, आणि फळीवर मुके ठेवू नका. घरात कोणाला जुने गाणे येत असेल, तर आज शिकून घ्या. गळ्याला मुदत असते. आणि एखादी वस्तू किंवा एखादे माणूस तुमच्या पट्टीत बसले नाही, तर त्याला बेसूर ठरविण्याआधी पेटी कानाशी धरून हळूच हलवून पाहा. आत कोणीतरी राहत असते.